सरकीच्या पोत्याआड आम्ही दोघं

तुम्हाला म्हणून सांगतो — हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. मुलीसमोर नाही, भावासमोर नाही, ज्यांच्यासोबत शाळेत आयुष्य काढलं त्या मास्तरांपैकी एकासमोरही नाही. न सांगायला माझ्याजवळ एक कारण होतं : यावर विश्वास कोण ठेवणार? कारण चांगलं होतं. इतकं चांगलं, की बाकीचं सगळं मला त्याच्यामागं लपवता आलं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. भोकरदन तालुक्यातल्या एका लहान गावात मला मास्तर म्हणून पहिली नेमणूक मिळाली. गावाचं नाव राहू द्या. मी तेवीस वर्षांचा, सिंधू एकोणीसची, लग्नाला चार महिने झालेले. शाळा उघडायच्या आधी राहायची सोय बघावी म्हणून आम्ही राजूरला एस.टी.तून उतरलो आणि पत्र्याची पेटी घेऊन पायी निघालो. ऊन डोक्यावर आलं होतं. वाटेत एका शेताच्या बांधाला दगडी कुंड लागलं. तळाशी वीतभर पाणी, पण नितळ. दोघंही ओंजळीनं पोटभर प्यालो आणि कडुलिंबाखाली टेकलो.

आणि आम्ही लहान झालो.

हे वाक्य लिहिताना मलाही कसंतरी होतं, पण दुसरं कसं लिहू? करंगळीएवढे झालो. दुखलं नाही, चक्कर आली नाही. कानात सणसणाट भरला आणि शेजारची पेटी शाळेच्या इमारतीएवढी वर गेली. अंगावरचे कपडे अंगाबरोबर लहान झाले, पेटी झाली नाही. का, ते मला विचारू नका. पुढं मी एकटा तीनदा जाऊन तेच पाणी पिऊन आलो, काही झालं नाही. मास्तर माणूस, खात्री करून घ्यायची खोड. हे तीनदा जाणं लक्षात ठेवा — म्हणजे मला काय माहीत होतं आणि काय नव्हतं याबद्दल तुमच्या मनात शंका राहणार नाही.

सिंधू माझ्याआधी सावरली. मुंगळ्यांची रांग जवळून चालली होती, एकेक मुंगळा आमच्या पायाएवढा. तिनं माझा हात धरला आणि समोरच्या बैलांच्या कोठ्याकडं ओढत नेलं. मोठ्या माणसाची तीस पावलं — आम्हाला त्याला अर्धा तास लागला. दाराखालच्या फटीतून आत गेलो. बैल बाहेर होते. आत गार होतं, शेणाचा वास होता, भिंतीला सरकीची पोती लावलेली होती. त्यातल्या एका पोत्याच्या आड आम्ही बसलो. सिंधू म्हणाली, आता वाट बघू, आणखी काय करणार? ती तशीच होती.

थोड्या वेळानं एक बाई आत आली. डोक्यावर रिकामी घागर. मागोमाग एक माणूस आला. ते बोलू लागले, पण एवढ्याशा कानाला मोठ्या माणसांचं बोलणं गिरणीच्या घरघरीसारखं येतं. दोनच शब्द मला कळले, कारण ती ते परत परत म्हणत होती — ‘माझा वाटा’. घागर पडली तेव्हा जमीन हादरली. डोक्यावरची चुंबळ गडगडत आली आणि आमच्यापासून हातभर — आमच्या हातानं हातभर — अंतरावर आडवी झाली. मग ती बाईच पडली आणि तो तिच्या छातीवर गुडघा देऊन बसला. त्यानं तिचा गळा दाबला. किती वेळ? मला सांगता येणार नाही. तो वाकला तेव्हा त्याचा चेहरा मी नीट पाहिला.

तिचा गाल जमिनीला होता. तोंड आमच्याकडं. तिनं आम्हाला पाहिलं. डोळा आमच्यावर स्थिर झाला, आणि पापणी एकदा मिटून उघडली. सिंधू उठली. तिला त्या बाईजवळ जायचं होतं. जाऊन काय करणार होती? काहीच नाही — नुसती जवळ. मी तिला मागं खेचलं, तोंडावर हात दाबला आणि तसाच दाबून धरला. त्या बाईनं जाता जाता काय पाहिलं असेल, तर हे पाहिलं.

त्यानं तिला खांद्यावर घेतलं, घागर उचलली, चुंबळ उचलली, आणि तो गेला. पुढं केव्हातरी कानातला सणसणाट परत आला आणि आम्ही आमच्या मापाचे होऊन कोठ्यात उभे होतो. डोक्याला सरकीची धूळ. पेटी होती तिथंच होती.

गावात पोचलो तेव्हा माणसं विहिरीकडं पळत होती. बाईला वर काढलं होतं. तिचं नाव सरू. दोन वर्षांपूर्वी नवरा गेला होता, आणि त्याच्या वाट्याची जमीन ती नावावर मागत होती. हे सगळं आम्हाला तिथं उभं असताना गर्दीत कळलं. विहिरीत उडी टाकून तिला काढणारा माणूस तिचा थोरला दीर, आबाराव. धोतर निथळत होतं. चेहरा तोच. त्यानं माझी पेटी पाहिली, ओळखलं, आणि म्हणाला, “मास्तर, चांगल्या दिवशी न्हाई आलात तुम्ही.”

त्याच संध्याकाळी त्यानं आमची सोय लावली. शाळेची कमिटी त्याच्या हातात होती. खोली दिली ती गावात, देवळाच्या आळीत. आमच्यासारख्या बौद्ध मास्तराला त्या गावात तोवर कुणी गावठाणात खोली दिलेली नव्हती. मला ते बरं वाटलं. भीती तर होतीच — पण बरंही वाटलं, हे सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी जमादार आला. त्याला पंचनामा लिहायला कुणीतरी हवं होतं, आणि आबाराव म्हणाला, आपले नवे मास्तर आहेत ना, अक्षर मोत्यासारखं असंल. मी लिहिला. ‘पाण्यास गेली असता पाय घसरून विहिरीत पडल्याने’ — ही ओळ माझ्या अक्षरात आहे. खाली पंच म्हणून सही माझी आहे. गळ्यावरचे व्रण मी पाहिले होते. जमादारानंही पाहिले असतील. त्याचं त्याच्याजवळ.

खोलीत आल्यावर सिंधूनं विचारलं, हे काय केलंत? मी म्हणालो, आपण कुठं उभे होतो ते सांगणार का? पोत्याआड, करंगळीएवढे? ती चुलीकडं वळली. पण मी एवढंच सांगायचं होतं ना, की वाटेनं येताना कोठ्याच्या दारातून पाहिलं? एवढं खोटं मला जमलं नसतं? त्याच्याहून मोठं खोटं मी सहज लिहून आलो होतो.

तिसऱ्या दिवशी सरूची आई आली, पिंपळगाव रेणुकाईहून. वाळलेली, लहानशी म्हातारी. आबारावाच्या ओट्यावर दहा-बारा माणसं बसली होती, आम्ही दोघंही होतो. कुणीतरी तिला सांगितलं होतं की नवे मास्तर त्या दिवशी त्याच वाटेनं आले. ती रडली नाही. माझ्यासमोर येऊन तिनं विचारलं, माझी लेक दिसली का तुम्हाला वाटेत?

मी तोंड उघडायच्या आत सिंधू बोलली.

“दिसली, मावशी. ती पडली न्हाई. तिला मारली.”

आबाराव आवाज न चढवता म्हणाला, “बाई, तुम्ही कुठं होत्या मंग?”

सिंधूला खोटं बोलायची सवय नव्हती. तिनं होतं ते सांगितलं. कुंड, पाणी, मुंगळे, दाराखालची फट, सरकीचं पोतं. सांगता सांगताच तिला कळत गेलं असावं की हे कसं ऐकू जातंय, कारण आवाज बारीक होत गेला. शेवटी तिनं माझ्याकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. म्हातारीनंही.

मी काय म्हणालो ते सांगायलाच हे लिहायला घेतलं आणि इथवर यायला एवढा वेळ लावला.

मी म्हणालो, “उन्हानं होतं तिला असं. लग्नाच्या आधीपासून आहे.”

लग्नाच्या आधीपासून. हे तर कुणी विचारलंही नव्हतं. ते मी माझ्या मनानं घातलं, ऐकणाऱ्याला पटावं म्हणून. आबारावानं मान हलवली आणि कुणालातरी पाणी आणायला सांगितलं. म्हातारी सिंधूजवळ गेली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आल्या वाटेनं निघून गेली. परत त्या गावात आली नाही.

सिंधूला गाव ‘येडी मास्तरीन’ म्हणू लागलं. बाया लेकरं तिच्याजवळ सोडीनात. पाण्यावर तिच्यासाठी जागा करून देत, पण ती मायेनं नव्हे. तिच्या माहेरीही बातमी गेली. तिचा भाऊ येऊन मला म्हणाला, दाजी, आमच्या घरी असं कधी न्हाई झालं. मी म्हणालो, होतं कधीकधी. तीन वर्षं आम्ही त्या गावात होतो.

तुम्ही म्हणाल, चारचौघांत माणूस भितो. मीही बरीच वर्षं तसंच म्हणत आलो. पण चारचौघांतलं ते सगळ्यांत वाईट नव्हतं. अजून एक आहे.

दिवाळी झाली होती. सुटीचा दिवस, सकाळची वेळ. सिंधू खोलीत ज्वारी निवडत बसली होती. दार मीच लोटून घेतलं होतं. आत तिसरं कुणी नव्हतं, आबाराव परगावी गेलेला. ती सुपावरून नजर न काढता म्हणाली, “अहो, एक खरं सांगा. होतो ना आपण तिथं दोघं?”

त्या वेळी मला कुणाची भीती होती? कुणाचीच नाही. ‘हो’ एवढाच शब्द हवा होता, आणि तो त्या खोलीबाहेर जाणारही नव्हता. पण ‘हो’ म्हटलं की ओट्यावर जे बोललो त्याचं काय? तिच्याकडं बघून रोज जेवायचं कसं?

मी म्हणालो, “आपण लिंबाखाली झोपलो होतो, सिंधू. तुला स्वप्न पडलं.”

तिचा हात ज्वारीत तसाच राहिला. मग म्हणाली, “मंग बरंय. ती बाई माझ्याकडं बघून राह्यली होती. तेवढं तरी खोटं निघालं.” आणि परत निवडू लागली. मला वाटतं, तिला खरोखरच हलकं वाटलं.

त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही. माझी बदली झाली, पुढं जालन्यात मस्तगडला घर केलं, मुलगी शिकली, तिचं लग्न झालं. आबाराव म्हातारा होऊन खाटेवर गेला, नातवंडं भोवती होती. त्याच्या मातीला मी गेलो होतो.

सिंधूनं मात्र माझं म्हणणं पूर्ण धरलं. उन्हाळ्यात डोक्याला ओला पंचा बांधल्याशिवाय ती दारात जायची नाही. म्हणायची, मला ऊन सोसत नाही, तरुणपणी डोक्यावर परिणाम झाला होता. एकदा नातीला तिनं सगळी हकिकत सांगितली, हसत हसत, गंमत म्हणून — आजी येडी कशी झाली होती, करंगळीएवढी झाले म्हणून गावभर कशी सांगत होती. नात माझ्याकडं वळली. खरंच का, आजोबा?

मी पेपर खाली ठेवला आणि म्हणालो, हो, उन्हाचं होतं तसं.

सिंधूनं मान डोलावली. माझ्या बोलण्यावर तिचा पूर्ण विश्वास होता. तिला जाऊन आता चार वर्षं झाली.