जिमची भीती कशी गेली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तो बदलीच्या गावी, आणि अशा गोष्टी फोनवर निघत नाहीत. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. एकटी दिल्लीला आले, परीक्षा दिल्या, सरकारी नोकरी मिळवली. साहेबासमोर तोंड उघडायला कधी घाबरले नाही. पण दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीच्या जिमचं ते काचेचं दार? डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, मी बूट आणले, आणि रोज सकाळी त्या दारावरून नुसती पुढे जाऊन दूध घेऊन परत यायचे. आत सडसडीत बायका. वाकले तर हसतील, धापा टाकल्या तर बघतील — तुम्हाला हसू येतंय ना? मला येत नव्हतं.

मला आत नेलं सुमनवहिनींनी. आमच्या टॉवरमध्ये माझ्याशी मराठी बोलणारं तेवढं एकच माणूस. "अगं, आत काय वाघ बसलाय? चल, मी येते. माझेही गुडघे आहेतच की!" त्यांना जिमची काडीची हौस नव्हती. माझ्यासाठी येत होत्या — हे मला तेव्हाही कळत होतं. लेकाची जुनी ट्रॅकपँट, वर लांब कुर्ता, पिनेने घट्ट लावलेली ओढणी. मी डंबेल उचलायचे आणि त्या शेजारी उभ्या राहून मोठ्याने मोजायच्या — "अकरा... बारा... दम धर गं... तेरा."

हळूहळू बाकीच्या बायका माझ्याशी बोलू लागल्या. अच्छा, आप मिनिस्ट्री में हैं? बरं वाटलं. फारच बरं वाटलं.

मग एका सकाळी त्यांच्यातल्या एकीने आरशासमोर वहिनींची नक्कल केली, ओढणी सावरण्यासकट. सगळ्या हसल्या. तिने मला विचारलं, "यार, ये आंटी आपके साथ हैं क्या?"

"नहीं नहीं," मी म्हटलं, "बस, पीछे पड़ जाती हैं."

आणि हसले. नुसतं 'नाही' म्हणून थांबता आलं नसतं का? आलं असतं. वहिनी तिथेच, दोन हातांवर, पाण्याची बाटली भरत होत्या. सगळी उमर दिल्लीत काढलेली बाई — हिंदी त्यांना माझ्याहून चांगली येते. त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, खाली पडलेला माझा टॉवेल उचलून घडी करून बाकावर ठेवला, आणि गेल्या. जिममध्ये पुन्हा आल्या नाहीत.

खरं सांगू? मला सुटल्यासारखं झालं. भीती गेली ती त्या सकाळी. ऑफिसातल्या मुली विचारतात, मॅडम, तुम्हाला जमलं कसं? मी सांगते — मनाचा निर्धार. साफ खोटं.

त्यांच्या दाराची बेल मी वाजवली का? नाही. "चुकले" हा शब्द माझ्या तोंडातून सहज निघत नाही, आणि तो काढायचा प्रयत्नही मी केला नाही.

काही दिवसांनी लिफ्टमध्ये भेटल्या. आम्ही दोघीच होतो.

"नमस्ते जी. कैसी हैं आप?" अगदी अदबीने.

"अच्छी हूँ," मी म्हटलं.

तेव्हापासून आम्ही हिंदीतच बोलतो.