कुणाच्या कानात काय वाजतं

गणपतीच्या कारखान्यात बसलं की अंगावर प्लास्टरची धूळ बसते. झटकली तरी थोडी राहतेच. किस्स्यांचंही तसंच आहे. मी शाळेत फार गेलो नाही. पेणला मूर्तींचे डोळे काढण्यात आयुष्य गेलं. या कामाला आम्ही आखणी म्हणतो. समोर डोळे आणि पाठीमागे लोकांची बडबड, अशी सवय होती. आता बडबड बंद आहे, कारण प्रत्येकाच्या कानात वायर आहे! बोलायला कुणी उरलं नाही म्हणून लिहून काढतो.

माणसं फार नाहीत. विलास स्प्रेगन मारतो. मंदा पॉलिशपेपरने मूर्ती घासते, मुकुटांना सोनेरी देते. माझा मुलगा सुरेश रंगकाम करतो, त्याला सगळे सुऱ्या म्हणतात. आणि मी नाना.

* * *

पूर्वी भिंतीवर एक स्पीकर होता. एकच गाणं सगळ्यांनी ऐकायचं. त्यावरून भांडणं व्हायची, पण भांडायला तरी तोंड उघडावं लागायचं.

मग विलासने रोह्याच्या सलीमच्या दुकानातून इअरफोन आणले. सलीम बरीच वर्षं आखातात होता. परत येऊन त्याने रोह्यात मोबाईलचं दुकान टाकलं. इअरफोनचं त्याला वेड. विलासचं पाहून मंदाला हवे झाले. ती एकटी जाईना, म्हणून मला घेऊन गेली.

सलीम समजावू लागला, "नाना, यात आवाज काढणाऱ्या वस्तूला ड्रायव्हर म्हणतात. एक डायनॅमिक. त्यात पडदा असतो, ढोलाच्या पानासारखा. हवा ढकलतो, म्हणून बेस दणकून येतो. दुसरा आर्मेचर. त्यात बारीक पत्ती हलते, बाजाच्या पेटीत असते तशी. गाणाऱ्याचा शब्द न् शब्द साफ!"

मी विचारलं, "आणि शेजारच्या माणसाने हाक मारली तर?"

"नाय ऐकू येणार."

"मग खराबच की माल."

सलीम हसला. "नाना, लोक त्याचेच तर पैसे देतात!"

* * *

मंदाने डायनॅमिक घेतले. विलासचे आर्मेचरचे. झालं, रोज वाद!

"तुझ्यात नुसतं धडधड धडधड," विलास म्हणायचा. "गाणं हाय का गिरणी?"

"आणि तुझ्यात काय रे? मच्छर गातोय जसा!"

शेवटी दोघं न्याय मागायला माझ्याकडे आले. एकच गाणं दोन्हींतून ऐकवलं. मंदाच्या इअरफोनमध्ये ढोल छातीत शिरला, गाणारी बाई मात्र ढोलाच्या मागे उभी. विलासच्यात बाई पुढे आली. इतकी पुढे, की ती श्वास घेते तोसुद्धा ऐकू आला.

"बोला नाना, कुठला चांगला?"

मी म्हटलं, "अनोळखी बाईचा श्वास ऐकायला पैसे मोजता, आणि मी फुकट ओरडतो ते ऐकू येत नाय. दोन्ही फेका!"

दोघांनी वायरी परत कानात घातल्या.

* * *

एके दिवशी मंदाचा बेस गेला. ती तणतणत रोह्याला गेली. सलीमच्या दुकानात गिऱ्हाइकं उभी असताना म्हणाली, "फसवलंस मला! ढोल मेला यातला."

सलीमने भिंग लावून पाहिलं. पडद्याला हवा लागावी म्हणून इअरफोनला एक बारीक भोक असतं. ते प्लास्टरच्या धुळीने बुजलं होतं, आणि वर सोनेरी रंग. मंदाने मूर्तीचा मुकुट रंगवताना रंगाचं बोट कानाला लावलं होतं.

सलीम म्हणाला, "मंदाताई, भोक बुजवून वर फिनिशिंग पण केलंत?"

"सवय हाय," मंदा म्हणाली. "भोक दिसलं की आम्ही लिंपतो."

* * *

विलासची गोष्ट वेगळी. सलीमने त्याला सांगितलं, इअरफोन कानात घट्ट बसला नाही तर चांगल्यातला चांगला ड्रायव्हरही फुकट. फट राहिली की बेस पळतो. परदेशात लोक स्वतःच्या कानाचं माप देऊन रबरी बोंडं बनवून घेतात.

विलासला वाटलं, माप कशाला द्यायचं? आपण साचे बनवणारे! मूर्तीच्या साच्याला वापरतो ते रबर त्याने घोटलं, आडवा झाला आणि कानात ओतलं. रबर छान धरलं. इतकं छान, की निघेना.

पेणच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर विचारत होते, हा ऐकत नव्हता. चिमटे, तेल, ओरडाआरडा. शेवटी रबर सुटलं. डॉक्टर ते टोपलीत टाकायला निघाले तर हा झेपावला, "टाकू नका! साचा हाय तो!"

मंदाने त्याला दारातच धरलं. "मूर्तीचा साचा असला की आधी तेल लावतोस. कानाला लावायला काय झालं होतं रे?"

मला मात्र एक दिसलं. डॉक्टरांनी आठ दिवस कानात काही घालू नको म्हणून सांगितलं. त्या आठवड्यात विलास माझ्याशी बोलला. गडब गावात त्याच्या सासऱ्याने भातशेतीला लागून टपरी टाकली, हे मला तेव्हा कळलं. टपरी पडूनसुद्धा वर्ष झालं होतं!

* * *

आता सुऱ्याचं.

मागल्या सालची गोष्ट. मी जेवायला गेलो होतो. गिऱ्हाईक घाई करत होतं. सुऱ्याने एका मोठ्या मूर्तीचे डोळे काढले. मी आलो, पाहिलं. डावा डोळा देवाचा होता, उजवा बाजारातल्या माणसाचा. मी ओलं फडकं घेतलं आणि सगळ्यांसमोर दोन्ही पुसले. पुसायचेच होते. आजही पुसेन.

त्यानंतर सुऱ्या रोह्याला जाऊन इअरफोन घेऊन आला. सलीमच्या दुकानातले सगळ्यांत भारी. एकेका कानात डायनॅमिक पण आणि आर्मेचर पण, दोन्ही एकत्र! विलास आणि मंदा त्याच्या मागे लागली, "एकदा ऐकू दे रे." त्याने कुणाला हात लावू दिला नाही. सकाळी यायचा, दोन्ही कान बंद करायचा, वायर खिशात सोडायचा आणि मान हलवत रंगवायचा. घरी गेला की जेवून झोपायचा. मी बोललो की मान हलवायचा, तीही गाण्यावर.

"आवाज कसा असेल हो त्याचा?" विलास विचारायचा.

"ढोल पण आणि श्वास पण," मंदा म्हणायची. "नशीबवान हाय."

* * *

ऐकत नाही म्हटल्यावर माझीही जीभ सुटली. एकदा सुऱ्या समोर बसलेला असताना मी मंदाला म्हटलं, "याच्या हातात डोळा नाय. उंदराचे डोळे काढायच्या लायकीचा हाय हा."

मंदा दचकली. "नाना, हळू बोला. समोर बसलाय तो."

"ऐकतोय कोण? त्याच्या कानात दोन दोन ड्रायव्हर हायत!"

विलास हसला. सुऱ्या मान हलवत मूर्तीच्या पितांबराला पिवळा देत राहिला.

पुढे ते रोजचंच झालं. आल्यागेल्याला मी सांगायचो, "हा माझा मुलगा. उंदरांचं खातं याच्याकडे." लोक हसायचे.

* * *

पण माणसाला गप्प राहता येत नाही. दुपारी विलास आणि मंदा जेवायला जायची, तेव्हा मी आखणी करता करता बोलायचो. माझे गुरू बोलायचे तसंच. ऐकणारा कुणी नव्हता, म्हणून सगळं बोलायचो.

"आधी वरची पापणी. श्वास पूर्ण सोडायचा, मग ब्रश टेकवायचा. श्वास भरलेला असला की रेघ थरथरते. बुबुळ वरच्या पापणीला थोडं शिवलं पाहिजे, नायतर देव घाबरल्यासारखा दिसतो. दोन्ही डोळे एका बैठकीत. मध्ये उठायचं नाय."

सुऱ्या पलीकडे मान हलवत असायचा.

एकदा तर मी हेही बोललो, "हात कापायला लागलाय माझा. यंदाचं साल कसंतरी काढीन. पुढे कोण बसणार हितं, देवालाच ठाऊक."

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं, कारण इअरफोन भारी होते.

* * *

शेवटचं यंदाचं.

गणपती तोंडावर आले होते. वरसे गावच्या मंडळाची मूर्ती न्यायला टेम्पो दारात उभा. मंडळाची माणसं आत येऊन उभी राहिली. सगळं झालं होतं, फक्त डोळे बाकी. डोळे शेवटीच काढतात. मी पाटावर बसलो. ब्रश उचलला, हात थरथरला. खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा तेच.

"नाना, बरं वाटत नाय का?" विलास कानातली वायर काढून म्हणाला.

"चूप बस."

तेवढ्यात फोन वाजला. कुणाचा म्हणून सगळे बघायला लागले. फोन खिडकीतल्या फळीवर चार्जिंगला लावलेला होता.

"सुऱ्याचा हाय," मंदा म्हणाली.

सुऱ्या कोपऱ्यात दोन्ही कान बंद करून मान हलवत होता. फोन तिकडे, हा इकडे. मी त्याच्या वायरीकडे पाहिलं. वायर खिशात जात होती. खिसा फाटका होता, त्यातून वायरीचं फोनला लावायचं टोक बाहेर लोंबत होतं. टोकावर सोनेरी रंग सुकून कडक झालेला, आणि त्यावर प्लास्टरच्या धुळीचा थर. ती धूळ कालपरवाची नव्हती. धूळ मला कळते.

मंदाने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

फोन वाजून बंद झाला. सुऱ्याची मान थांबली. तो उठला, माझ्याजवळ आला आणि माझ्या हातातला ब्रश घेतला. मी सरकलो. तो पाटावर बसला. श्वास सोडला, पूर्ण सोडला, आणि वरच्या पापणीला ब्रश टेकवला. एका बैठकीत दोन्ही डोळे काढले. मध्ये उठला नाही.

वरसेच्या माणसांनी हात जोडले.

माझ्या हातात ओलं फडकं होतं. मी डावा डोळा पाहिला. उजवा पाहिला. फडकं हातातच राहिलं.

सुऱ्याने कानातून एकेक इअरफोन काढला आणि ब्रश माझ्यापुढे धरला. वर्षभरात तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला.

"बाबा, उंदराचे तुम्ही काढा."