डावीकडचं तू बघ

फोन सुमनवहिनीचा होता. "अण्णा गेले गं," एवढंच म्हणाली, आणि मग शेजारच्या कुणीतरी रिसीव्हर हातात घेऊन कन्नडमध्ये नीट सांगितलं... छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. अण्णा माझा थोरला भाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. त्याला जाऊन आता सात आठवडे झाले. तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर वहिनीनं त्याच्या टेबलाचा खण उघडून डोळ्यांच्या डॉक्टरांचा एक कागद माझ्या हातात ठेवला. कागदभर काळे ठिपके, आणि मधोमध पोस्टाच्या तिकिटाएवढा पांढरा तुकडा. "एवढंच दिसायचं त्यांना," वहिनी म्हणाली. "समोरचं, मधलं. कडेचं नाही. अंधार पडला की तेवढंही नाही. सहा वर्षं झाली." हे वहिनीला ठाऊक होतं. सहा वर्षं त्याच्या अगदी कडेला बसणाऱ्या त्याच्या बहिणीला मात्र पत्ता नव्हता!

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचेच. आमचं मराठी ऐकून पुण्याची माणसं तोंडाला पदर लावतात, लावू देत. अण्णा के. आर. पुरमकडच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता, यंत्रांच्या भागांची चित्रं हातानं काढायचा. कारखान्याच्या बसनं जायचा आणि दिवेलागणीच्या आत जयनगरला घरी. ओव्हरटाइम नाही, संध्याकाळचं लग्न नाही, कुणाचं रिसेप्शन नाही. बंद पडलेल्या एका कॉम्प्युटर क्लासमधून त्यानं जुना थ्री-एट्टी-सिक्स कॉम्प्युटर उचलून आणला होता, त्यामुळे सगळे म्हणायचे, ह्याला गेमचं खूळ लागलंय. मीही म्हणायचे. मीच जास्त म्हणायचे.

गेम होता एका भुयाराचा. वाकडेतिकडे बोळ, दारं, आणि दारामागून अंगावर येणारे राक्षस. तो जुना डबा त्यात मेटाकुटीला यायचा. "ह्याच्यात चित्रांसाठी वेगळं कार्ड नाही गं," अण्णा कौतुकानं सांगायचा, "सगळं एकट्याच्या डोक्यानं चाललंय. ही भिंत दिसते ना, ती तो एकेक उभी रेघ ओढून काढतो. माझ्या जातीचाच आहे, ड्राफ्ट्समन!" काम झेपेना की वजाचं बटण दाबायचं, मग खेळाची चौकट लहान व्हायची. लहान चौकट म्हणजे कमी रेघा, कमी रेघा म्हणजे चाल जलद. अण्णा ते बटण इतक्यांदा दाबायचा की शेवटी एवढ्या मोठ्या पडद्यावर राखाडी रंगच उरायचा आणि मधोमध एक तिकीट. वर खुर्ची मागे सारून पार पलंगाला टेकवून बसायचा. "अरे, एक पायरी तरी मोठी कर," मी वैतागायचे. "नको, स्वल्प दमानं घेऊ. बिचाऱ्याला धाप लागते." आणि मला ते पटायचं, कारण डब्याला खरंच धाप लागायची. मी इंजिनिअर झालेली, माझी अक्कल तिथवरच पोचली.

माझी जागा त्याच्या डाव्या हाताला, स्टुलावर. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की आम्ही बसायचो आणि पहिलं वाक्य ठरलेलं... "डावीकडचं तू बघ." तिकिटातला तिकिटभर खेळ, त्यात डावं काय नि उजवं काय! पण मी बघायचे. "अण्णा, डावीकडे! अरे डावीकडे, आंधळा आहेस का?" घर डोक्यावर घ्यायचे मी. तो मरायचा आणि पोट धरून हसायचा. मध्येच, मान न वळवता, विचारायचा, "आहेस ना गं?" मला वाटायचं, माझं लक्ष आहे की नाही ते तपासतोय. "आहे रे, इथंच आहे. जाते कुठं?" असं मी दर दहा मिनिटांनी म्हणत असेन. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा, पाण्याची कळशी लाथाडायचा, आणि मी त्याला धांदरट म्हणायचे. देवा...

गेल्या वर्षी मी त्याच्यासाठी नवा कॉम्प्युटर आणला, चित्रांचं वेगळं कार्ड असलेला, मोठ्या पडद्याचा. नवा गेम पडदाभर लावला. पाण्यात आभाळ दिसत होतं, मशालीचा उजेड भिंतीवर हलत होता. अण्णानं खुर्ची मागे घेतली, आणखी मागे घेतली, भिंत लागली. पहिल्याच दारापाशी तीनदा मेला. "छान आहे गं. फारच छान," म्हणाला. पुढच्या रविवारी गेले तर नव्यावर वहिनीचं भरतकामाचं कापड पांघरलेलं आणि हा आपला जुन्यासमोर. माझं डोकंच फिरलं. "तुला कशाचं मोलच नाही," मी म्हणाले. "बस आयुष्यभर पोस्टाच्या तिकिटातून जग बघत!" वहिनी स्वयंपाकघराच्या दारात थबकली होती, ते आता आठवतं. अण्णा हसला. "सरी, सरी, बरं बाई," म्हणाला, आणि वजाचं बटण आणखी एकदा दाबलं.

त्यानंतर मी जाणं कमी केलं. कारण तयारच होतं. दोन हजार साल आलं की कॉम्प्युटर तारखा विसरतील, म्हणून सगळ्या बंगळुराची झोप उडाली होती आणि आमच्या ऑफिसात रविवारही कामाचे. अण्णा फोन करायचा, "येतेस का? डावीकडं कुणी नाही बघ." मी म्हणायचे, बघते, पुढच्या रविवारी. गंमत करतोय असंच वाटायचं.

"तू मला तरी सांगायचंस," त्या दिवशी कागद हातात धरून मी वहिनीवर ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "कारखान्यात कळलं तर ड्रॉइंगचं टेबल जाईल, ही एक भीती. आणि तुझ्याबद्दल म्हणायचे, तिला कळलं तर ती हळहळेल, माझ्यावर ओरडायची नाही. मला तिचं ओरडणं हवंय." मी खूप रडले. अजून रडते, लाज कसली त्यात.

परवाच्या रविवारी दुपारी वहिनी आत लवंडली होती. मी जुना डबा सुरू केला. चौकट त्यानं ठेवली होती तेवढीच उघडली. त्याची खुर्ची पलंगाला टेकलेली होती, लाल फरशीवर तिच्या पायांचे ओरखडे. मी खुर्चीत बसले नाही, स्टूलच ओढलं, कीबोर्ड मांडीवर घेतला आणि नजर त्या तिकिटावर खिळवली. उजवीकडे खुर्ची होती. मी त्याच्यासारखीच मान वळवली नाही. मान वळवली नाही तर कडेचं दिसत नाही, आणि दिसत नाही तोवर तिथं कुणी नाही असं मला कोण सांगणार? डावीकडून राक्षस आला. मला दिसला, पण मी ओरडले नाही, आणि मेले.

मग तशीच पडद्याकडे बघत म्हणाले, "आहे रे, इथंच आहे. जाते कुठं?"