आथा ये

त्याला आणलं त्या दिवसापासून मी एका जागी बसलेच नव्हते. कॉलेजात असले तरी डोकं घरी, आणि घरी असले तरी डोकं सोफ्याखाली, कारण तो सोफ्याखाली. प्राणी वाचवणाऱ्या ग्रुपने आम्हाला कुत्रा अजून दिलेला नव्हता, आठवडाभर ट्रायलवर ठेवला होता. रविवारी ग्रुपमधली ताई येणार, आणि तो घरातल्या एकाच्याही हाकेला बाहेर आला नाही तर परत घेऊन जाणार. घाबरट कुत्रा जिथे रुळत नाही तिथे ते ठेवत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं. पण मला तो हवा होता यार.

रंग चहासारखा, एक कान उभा, दुसरा झोपलेला. सटाण्याच्या पुढे एका रिकाम्या कांद्याच्या चाळीत सापडला होता. कांदा विकून माणसं निघून गेली, हा तिथेच राहिला.

मी काय काय नाही केलं. शिट्टी, चिकन, चेंडू. 'कम' म्हटलं, 'ये ना राजा' म्हटलं, व्हिडिओ बघून त्याच्यासमोर फरशीवर आडवी पडले. तो बघायचासुद्धा नाही. शेवटी ताईला मेसेज टाकला, हा बहिरा आहे का? तिचा लगेच उलटा प्रश्न, कुकरची शिट्टी झाली की दचकतो का? दचकत होता. म्हणजे ऐकू येत होतं, फक्त माझं ऐकायचं नव्हतं.

आईचं आधीपासून एकच. "गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये राहतो आपण. त्याला मोकळं रान लागतं. देऊन टाक." आई शाळेत मराठी शिकवते. घरीसुद्धा मी 'मी बोलली' म्हटलं की जेवता जेवता 'मी म्हणाले' करून देते.

शुक्रवारी दुपारी लेक्चर बुडवून घरी आले. दार उघडलं तर स्वयंपाकघरातून आवाज. मला वाटलं मावशीचा फोन, कारण अहिराणी, म्हणजे मालेगाव-सटाण्याकडची बोली, आई फक्त मालेगावच्या मावशीशी बोलते, तेही दार लावून. पण फोन नव्हता. आई भाकरी घेऊन खाली बसलेली, आणि समोर तो.

"कसाले भ्यास रे? आठे कोन शे तुले माराले? खाई ले."

का घाबरतोस, इथे कोण आहे तुला मारायला, खाऊन घे. आणि तो खात होता. माझ्या हातातून किल्ल्या पडल्या, तो सुसाट सोफ्याखाली.

"भाकरी उरली होती," आई म्हणाली.

"आई, रविवारी तूच हाक मार. अशीच."

"परक्या माणसासमोर? अजिबात नाही." नवी नोकरी लागली तेव्हा एकदा तिच्या तोंडून 'शे' निघालं होतं, तर स्टाफरूममध्ये कितीतरी दिवस 'काय मॅडम, चहा शे का' चाललं होतं. हे मला त्या दुपारीच कळलं. आईने सांगितलं आणि लगेच कणीक मळायला घेतली.

रविवारी ताई आली ती नेमकी त्याच सोफ्यावर बसली. "मारा हाक, बघू."

मी आईकडे बघितलं. ती चहा ढवळत होती, साखर कधीच विरघळलेली. मग मीच खाली वाकले. "आठे ये रे." काही नाही. "आठे ये ना भाऊ." ताई हसू दाबत होती. तिसऱ्यांदा म्हणताना माझा आवाज फुटला.

"अगं, आठे काय आठे," आई म्हणाली. "आठे म्हणजे इथे. बोलावताना आथा म्हणतात." तिने कप खाली ठेवला. "आथा ये रे."

तो आला. पोटावर सरकत सरकत, आईच्या पायापाशी. शब्दामुळे की आवाजामुळे, मला नाही माहीत.

ताई बघतच राहिली. "काकू, आम्ही याला हिंदीत बोलवत होतो."

"का? तो काय दिल्लीहून आला होता?"

तर तो राहिला. आमचा झाला, म्हणजे आईचा. मी रोज म्हणते, आथा ये. तो मान उचलतो आणि आईकडे बघतो, जायचंय का खरंच, असं. आई पेपर तपासत असते, डोकं वर न करता म्हणते, "था नीट म्हण. परत."