गालावरची हळद

ती शुक्रवारची दुपार अजून माझ्या डोळ्यांसमोरून हललेली नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बंगळूरला शिवाजीनगर बस स्टँडच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात मी प्रोबेशनरी सब-इन्स्पेक्टर म्हणून नुकतीच रुजू झाले होते. खांद्यावर दोन तारे होते, पण ते अजून माझे झाले नव्हते. प्रोबेशन संपून नोकरीत कायम होईपर्यंत ते उसने आणल्यासारखे वाटतात.

वर्दीही उसनीच वाटायची. त्या काळी मापं पुरुषांची असत. शर्टाचे खांदे माझ्या दंडापर्यंत उतरायचे. आमचे हेड कॉन्स्टेबल, ज्यांना सगळे अण्णा म्हणायचे, पहिल्याच रोल कॉलला म्हणाले, "मॅडम, ह्या शर्टात अजून एक सब-इन्स्पेक्टर मावेल. सरकारला सांगा, जागा रिकामी आहे म्हणून."

सगळे हसले. मला उत्तरं सुचायची, पण घरी गेल्यावर. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात आमची पिढ्यान् पिढ्या बंगळुरात मुरलेली मराठी, रस्त्यावर कन्नड. तीन भाषा येत असून मी कुठल्याच भाषेत फार बोलत नसे. हळदीकुंकवाला आई मला बरोबर न्यायची, तेव्हा मी कोपऱ्यात बसून बायकांचे हात बघत बसायची. तोंडाकडे बघितलं की बोलावं लागतं. हातांकडे बघितलं तर कुणी काही विचारत नाही.

इन्स्पेक्टर साहेब कन्नड, कडक आणि सरळ. त्यांनी मला कामं दिली ती बाई म्हणून: स्त्री आरोपींची झडती, हरवलेल्या मुलींचे जबाब. "स्वल्प जोरात बोला," एवढंच त्यांचं माझ्याबद्दलचं मत होतं.

खबर मिळाली ती ठाण्यात नाही, आमच्या बसवनगुडीच्या घरी, स्वयंपाकघरात. आईची एक जुनी मैत्रीण आली आणि दार लोटून घेऊन बसली. मागच्या वर्षी तिच्या मुलीला एक स्थळ आलं होतं. मुलगा पुण्याचा इंजिनियर, अमेरिकेला निघालेला. त्याची मावशी एकटीच येऊन मुलगी बघून गेली. पसंती सांगितली आणि पुण्याच्या सोनाराला माप दाखवायला म्हणून मुलीच्या हातातल्या तिच्या आईच्या पाटल्या घेऊन गेली. पुन्हा ती दिसली नाही. दिलेला पत्ता खोटा निघाला.

"तक्रार का नाही केलीत, मावशी?" मी विचारलं.

"वेडी आहेस का? मुलीचं नाव कागदावर गेलं की संपलं. फसवली गेलेली मुलगी म्हणून कोण करून घेईल तिला?" मग तिने आवाज आणखी खाली आणला. "पण परवा देवळात ऐकलं. शिवाजीनगरच्या टेलरकडे अस्संच स्थळ चाललंय. मावशी एकटीच येते म्हणे. शुक्रवारी पक्कं करायला येणार आहे."

दुसऱ्या दिवशी मी इन्स्पेक्टर साहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि खुर्ची मागे सारली.

"फिर्यादी आहे?"

"नाही, सर. ती नाव द्यायला तयार नाही."

"म्हणजे ऐकीव. आता नीट ऐका. ही बाई खरी निघाली, तर आपण एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. पोलीस आले म्हटल्यावर कुठलं पुणं आणि कुठला इंजिनियर? त्या मुलीला पुन्हा स्थळ येणार नाही. आणि प्रोबेशनवर कोण आहे?"

"मी, सर."

"सरी, ठीक आहे. साध्या कपड्यात जा. नुसतं बघा. बाईने दागिना घेऊन उंबरठा ओलांडल्याशिवाय हात लावायचा नाही."

टेलर आमच्याच समाजातले. दुकान खाली, घर वर. त्यांना मी विश्वासात घेतलं, तर ते माझ्यावरच रागावले. "अक्का, चांगलं स्थळ आलंय, त्यात तुम्ही काय काढताय?" मी त्यांच्याहून कितीतरी लहान, पण खाकी दिसली की ते अक्का म्हणत. मुलगी मात्र दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. जाताना जिन्यात तिने मला गाठलं.

"ताई, खोटं असेल तर खोटं सांगा. आणि खरं असेल तर कृपा करून आमच्या घरी येऊ नका."

तिने दिलेली ही दोन वाक्यं घेऊन मी शुक्रवारी तिच्या घरी तिची मामेबहीण बनून बसले. आमचे अण्णा खाली दुकानात कापड बघत उभे होते.

पुण्याची मावशी आली. पन्नाशीची, नीटनेटकी, हातात बाकरवडीचा पुडा. बोलणं इतकं स्वच्छ की आमची मराठी तिच्यापुढे चुरगळल्यासारखी वाटली. "अय्या, तुम्ही मराठीत किती गोड कन्नड मिसळता हो!" ती हसून म्हणाली. "मला तर इथलं अक्षर कळत नाही. पहिल्यांदाच येतेय ना या बाजूला. रिक्षावाल्याशी नुसत्या खुणा केल्या."

घरच्यांना ती आवडली. खरं सांगायचं तर मलाही आवडली. तिने मुलीला शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला, आणि मुलगी लाजली तेव्हा म्हणाली, "लाजू नकोस गं. आमचा मुलगाही असाच घुम्या आहे. दोघं गप्प बसून संसार कराल." मुलीची आई डोळे टिपायला लागली. मला वाटलं, आपण उगीच आलो. आता जिना उतरून निघून जावं आणि साहेबांना सांगावं की खबर चुकीची होती.

मग पाटल्यांचा विषय निघाला. मुलीच्या आईने त्या मखमलीच्या डबीत घालून दिल्या. मावशीने त्या पर्समध्ये ठेवल्या. शुक्रवार असल्यामुळे मुलीची आई हळदीकुंकवाचं तबक घेऊन आली आणि मानाची पाहुणी म्हणून पहिलं तिच्यापुढे धरलं.

इथे थोडं सांगायला हवं. पुण्याकडे यजमानीण स्वतःच्या बोटाने पाहुणीच्या कपाळाला हळदकुंकू लावते आणि पाहुणी तिला उलट लावते. आमच्या बंगळुरात, कन्नड शेजाराच्या सवयीने, तबक नुसतं पुढे धरतात. पाहुणी आपली आपण चिमूटभर हळद घेऊन दोन्ही गालांना लावते, मग कुंकू कपाळाला आणि थोडं मंगळसूत्राला. माझी काकू लग्न होऊन पुण्याहून आली. इतकी वर्षं झाली, तरी तबक समोर आलं की ती कपाळ पुढे करून उभीच राहते. समोरची बाई तबक धरून उभी, काकू कपाळ धरून उभी. "गालाला हळद काय फासता गं, रोज लग्न असल्यासारखी?" हे तिचं ठरलेलं वाक्य.

या बाईने कपाळ पुढे केलं नाही. तिचा हात तबकाकडे गेला, चिमूट उचलली, बोलता बोलताच दोन्ही गालांवरून बोटं फिरली, कुंकू कपाळाला टेकलं आणि मग मंगळसूत्राच्या वाट्यांना. हात अजिबात अडखळला नाही. खोलीत कुणालाच त्यात वेगळं वाटलं नाही, कारण तिथल्या सगळ्याच बायका तसंच करत.

ती जिना उतरली. उंबरठ्याबाहेर पाऊल पडताच मी माझं ओळखपत्र दाखवलं आणि अण्णा दुकानातून बाहेर आले.

ठाण्यात ती घाबरली नाही, चिडली. "पुण्याच्या घरंदाज बाईला चौकीत बसवता? मी माप घ्यायला नेत होते, त्यांनी राजीखुशीने दिल्या." टेलर मागोमाग धावत आले आणि इन्स्पेक्टरांपुढे हात जोडून उभे राहिले. "साहेब, सोडा त्यांना. माझ्या मुलीचं वाटोळं होईल." मुलगी बाहेर बाकावर बसली होती. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी नजर वळवली नाही, पण ते सोपं गेलं नाही.

साहेबांचा शिरस्ता होता की दिवस मावळल्यावर बाईमाणसाला ठाण्यात बसवायचं नाही. त्यांनी मला आत बोलावलं. "काय आहे तुमच्याकडे?"

मी हळदीचं सांगितलं. अण्णांनी छताकडे पाहिलं.

"कुणाचं तरी बघून केलं असेल," साहेब म्हणाले.

"तबक पहिलं तिच्याचपुढे गेलं होतं, सर. बघायला कुणी नव्हतं. आणि ती म्हणते, या बाजूला पहिल्यांदाच आली. हा हात पहिल्यांदा आलेल्या बाईचा नाही. ती इथलीच आहे."

हे मी किती जोरात बोलले कोण जाणे, पण साहेबांनी "स्वल्प जोरात" म्हटलं नाही. ते म्हणाले, "मला दाखवा."

आमच्या ठाण्यात शुक्रवारी पूजा होत असे. महिला कॉन्स्टेबल अक्का त्या दिवशीही तबक घेऊन सगळीकडे फिरत होत्या. मी त्यांना एवढंच म्हटलं, "अक्का, आत त्या बाईंनाही द्या." साहेब दारात उभे राहिले. अक्कांनी तबक धरलं. ती बाई टेलरना काहीतरी ठणकावून सांगत होती. सांगता सांगता तिने चिमूट घेतली. गाल, गाल, कपाळ, मंगळसूत्र.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तिलाही ते जाणवलं. बोटं अजून मंगळसूत्रावरच होती.

मी समोरची खुर्ची घेतली. चौकशी म्हणजे आरडाओरडा, अशी लोकांची समजूत असते. मला ओरडता येत नव्हतं. मला गप्प बसता येत होतं, म्हणून बसले. ती पाणी प्यायली, पदर सारखा केला, पुण्याच्या दोन पेठांची नावं सांगितली. मी तिच्या हातांकडे बघत राहिले. मग आम्ही शेजारणीला विचारू तशा कन्नडमध्ये हळूच विचारलं, "अक्का, निम्म मने एल्ली?" तुमचं घर कुठे?

समजलं नाही असं ती म्हणाली नाही. बराच वेळ गालावरची हळद पदराने पुसत राहिली. ती निघत नव्हती.

"यशवंतपूर," ती शेवटी कन्नडमध्येच म्हणाली. मग मराठीत, आमच्या मराठीत, "तू कुणाची गं? बसवनगुडीची ना? बघूनच वाटलं होतं, आपल्यातली आहे."

तिचा जन्म इथलाच. लग्नानंतर काही वर्षं पुण्यात काढली, तिथली भाषा आणि ऐट शिकून परत आली. इंजिनियर भाचा नव्हताच. आपल्या माणसांना पुण्याचं किती कौतुक असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याच कौतुकावर तिने दुकान मांडलं होतं.

यशवंतपूरच्या घरी झडती घेतली, पंचनामा केला. इथे त्याला महजर म्हणतात. आईच्या मैत्रिणीच्या पाटल्या तांदळाच्या डब्यात सापडल्या, आणखी काही घरांचे दागिनेही. फिर्याद कशी लिहायची ते मी साहेबांना सुचवलं: दागिना आईचा, फसवणूक आईची. मुलीचा उल्लेख कुठेच नको. साहेबांनी वाचलं आणि सही केली. "कायद्यात बसतं," ते म्हणाले. एक एक करत त्या आया पुढे आल्या. कुठल्याही मुलीचं नाव कागदावर गेलं नाही.

नंतर मी मोठ्या जागांवर काम केलं, याहून गुंतागुंतीचे गुन्हे उकलले. पण पोलीस मी त्या खोलीत झाले. तोवर मला वाटायचं, या नोकरीसाठी मला दुसरंच कुणीतरी व्हावं लागेल, मोठ्या आवाजाचं, रुंद खांद्यांचं. त्या दिवशी कळलं की कोपऱ्यात बसून हात बघणारी मुलगीच तिथे कामाला आली. माणूस बोलणं बदलू शकतो, नाव-गाव बदलू शकतो. रोजच्या सवयीचा हात मात्र त्याच्या लक्षातच राहत नाही. पुढे हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या मुलीला मी हेच सांगत आले, आणि आवाज वाढवायला कुणालाच सांगितलं नाही.

प्रोबेशन संपलं तेव्हा अण्णा म्हणाले, "मॅडम, आता तरी शर्ट बदला." मी टेलरांच्या दुकानात गेले. त्यांनी खांद्याचं माप स्वतः घेतलं, दोनदा घेतलं, आणि खडूने खूण करताना मान वर न करता म्हणाले, "त्या दिवशी मी वेड्यासारखा बोललो, अक्का." तेवढंच. वर्दी शिवून झाल्यावर ती घालून बघायला त्यांनी मला वर घरात पाठवलं. त्यांच्या मुलीचं लग्न म्हैसूरच्या एका शिक्षकाशी ठरलं होतं, आणि तो आईवडिलांना घेऊन आला होता, हे तिने मुद्दाम सांगितलं. मग ती तबक घेऊन आली.

खांदे बरोबर बसले होते. तारे आता माझे होते. मी चिमूटभर हळद घेतली, दोन्ही गालांना लावली, आणि तशीच, वर्दीत, रस्त्याने ठाण्यात गेले.