बिनमिठाचा वाटा

अबुंदियोकाकांच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर सव्वीस खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला दुसऱ्याच कुणाच्या तरी घराची किल्ली. गावातली माणसं पोटापाण्यासाठी माद्रिदला, बिल्बाओला निघून गेली आणि जाताना किल्ली काकांकडे ठेवून गेली. एकाही किल्लीला चिठ्ठी नव्हती. महिन्यातून एकदा काका एकेका घराच्या खिडक्या उघडायचे, छत कुठे गळतंय का बघायचे, उंदरांना चार शिव्या द्यायचे आणि पुन्हा कुलूप लावायचे. वय चौऱ्याऐंशी. अंधारात हात घातला तरी हवी ती किल्ली हाताला लागायची.

हे आधीच सांगून ठेवते. पुढे जेव्हा त्यांच्या डोक्याबद्दल बोललं जाईल, तेव्हा ते लक्षात असू द्या.

मी प्रिमितिवा. गावातली एकुलती एक खानावळ आमची. जेवणघर माझा मुलगा तेओ बघायचा आणि मागची लाकडाची भट्टी मी. काका मूळचे मेंढपाळ. मेंढ्या विकून वीस वर्षं झाली होती, तरी माझ्या भट्टीतलं कोकरू पुढ्यात आलं की आधी बरगड्या निरखून ते कुणाच्या कळपातलं हे सांगायचे आणि चुकले की माझ्यावरच चिडायचे. त्यांची बायको कासिल्दा अगदी उलट स्वभावाची. तिला रक्तदाब होता, मीठ बंद होतं. आता आमच्या भट्टीत कोकराला पाणी आणि मीठ यांपलीकडे काही लागत नाही. त्यातलं मीठ काढलं तर उरतं काय? पण अकरा वर्षं मी तिचा वाटा वेगळ्या लहान मातीच्या ताटलीत बिनमिठाचा भाजला, वर लिंबाची फोड ठेवली. दरवर्षी ती म्हणायची, "छान झालंय गं, प्रिमे." धडधडीत खोटं बोलायची बिचारी.

हे जेवण असायचं एक नोव्हेंबरला. त्या दिवशी गाव सोडून गेलेली सगळी माणसं शेवंतीची फुलं घेऊन येतात, आपापल्या माणसांच्या कबरी घासूनपुसून लख्ख करतात आणि दोन वाजता थंडीनं काकडत माझ्याकडे जेवायला येतात. कोकरू आदल्या दिवशी सांगावं लागतं. नेहमीची घरं फक्त "नेहमीप्रमाणे" एवढंच म्हणतात. किती माणसं, काय हवं, हे मी विचारत नाही. विचारलं तर परक्यासारखं वागवलं असं त्यांना वाटतं. कुणाला करपलेली कड आवडते, कुणाला काळीज हवं, सगळं माझ्या डोक्यात. याचा मला भारी तोरा होता.

त्या वर्षी मार्चमध्ये कासिल्दा गेली. मी स्वतः तिच्या शवपेटीमागून चालत कब्रस्तानापर्यंत गेले होते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी काका मागच्या दारानं भट्टीपाशी आले.

"उद्या दोन वाजता, प्रिमे. नेहमीप्रमाणे."

"सगळे येतायत ना?"

"येतायत. माझी परीक्षा घ्यायला येतायत."

सप्टेंबरमध्ये त्यांनी गॅसवर दूध ठेवलं आणि विसरून परसात गेले. भांडं जळालं, धूर झाला, शेजारणीनं थेट वायादोलिदला त्यांच्या मुलीला, मारी क्रूसला, फोन लावला. तिनं तिकडे एका वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली. काकांनी तिच्याशी सौदा केला होता, तो त्यांनी मला ऐकवला. एक नोव्हेंबरला जेवायला या, दोन तास माझ्याशी बोला. माझा स्क्रू ढिला वाटला तर मुकाट्यानं पेटी भरतो. नाही वाटला, तर वसंत येईपर्यंत हा विषय काढायचा नाही. मुलगी कबूल झाली होती.

"तेव्हा उद्या जरा सांभाळून घे," काका म्हणाले. "जास्त वाइन पाजू नकोस मला."

"पन्नास वर्षांत कधी पाजली? तुम्हीच पिता."

ते हसले. मी मात्र नीट हसू शकले नाही, कारण परीक्षा माझीही चालू होती. उन्हाळ्यात मी दोन टेबलांचं जेवण उलटसुलट पाठवलं होतं. आणि एकदा पहाटे भट्टी पेटवून, धुराड्याची झडप बंद ठेवून, अंगणात शेंगा सोलत बसले होते. तेओ त्या दिवशी ओरडला नाही. हळू आवाजात म्हणाला, "आई, आणखी एक घोळ झाला तर भट्टीपाशी तू नाही, मी." पोरगा वाईट नाही, घाबरलेला होता. पण चौदाव्या वर्षापासून मी ती भट्टी पेटवत आले होते. ती नसेल तर सकाळी उठून करायचं काय, हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काका आले ते दाढी गुळगुळीत करून, कासिल्दानं विणलेला करडा स्वेटर घालून. सोबत मारी क्रूस, तिचा नवरा, धाकटा भाऊ रोबेर्तो आणि नात आल्बा. काकांसकट पाच माणसं. त्यांच्या टेबलावर ताटं सहा होती. कुणाच्या लक्षात आलं नाही, सहाव्या खुर्चीवर त्यांनी कोट टाकले. मांडणी सकाळी मीच केली होती आणि माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

काकांनी गोल पाव छातीशी धरला, सुरीच्या टोकानं खालून क्रूसाची खूण काढली आणि एकेक काप करून सगळ्यांना दिला. मग परीक्षा सुरू झाली. मी कोशिंबीर ठेवण्याच्या निमित्तानं तिथंच घुटमळत होते.

"बाबा, आल्बा सध्या काय शिकतेय?" रोबेर्तोनं विचारलं.

"जनावरांची डॉक्टर होतेय. दुसरं वर्ष. आणि तू मागच्या वेळी आलास तेव्हा माझा पाना घेऊन गेलास, तो अजून दिलेला नाहीस."

आल्बा फिसकन हसली. "बाबांना गोळ्या विचार," मारी क्रूस भावाला म्हणाली. काकांनी गोळ्या सांगितल्या, रंगांसकट, सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या. मग कुणाच्या घराचं कौल कधी बदललं, कुणाची खिडकी कुठली अडकते, हे न विचारता सांगितलं. शेवटी मारी क्रूसनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

"बरं बाबा. वसंतापर्यंत राहा. पण गॅस काढून विजेची शेगडी बसवायची."

"दोन बसव," काका म्हणाले. मी तिथून वळले तेव्हा माझे डोळे भरून आले होते. खरंच फार आनंद झाला होता मला.

त्या आनंदातच मी भट्टीतून कोकरू काढलं. मोठी ताटली टेबलाच्या मध्ये ठेवली. पुन्हा आत गेले, लहान ताटली काढली, वर लिंबाची फोड ठेवली आणि नेऊन कोटांच्या खुर्चीपुढच्या ताटाशी ठेवली.



"हे काय?" मारी क्रूसनं विचारलं. मग तिनं ताटं मोजली आणि तिचा चेहरा उतरला. "बाबा, हे आईसाठी सांगितलंत तुम्ही? तिच्यासाठी बिनमिठाचं?"

काकांनी त्या ताटलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. एकच वाक्य बोलायचं होतं मला. चूक माझी आहे, त्यांनी काही सांगितलं नव्हतं, हातांना सवय होती. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात तेओ दिसला, हातात ट्रे, नजर माझ्यावर रोखलेली. मी तोंड मिटलं.

"हो," काका म्हणाले. "मीच सांगितलं होतं."

रोबेर्तोनं बहिणीकडे पाहिलं. जेवण झालं, बदामाची मिठाई आली, कुणी खाल्ली नाही. काका मात्र सावकाश, शेवटपर्यंत जेवले.

पंधरा दिवसांनी ते सव्वीस किल्ल्या एका बिस्किटांच्या डब्यात घालून माझ्याकडे आले. दारात रोबेर्तोची गाडी चालू उभी होती.

"मी सांगते त्यांना," मी म्हटलं. "आत्ता जाऊन सांगते."

"राहू दे आता. खोलीचे पैसे भरलेत."

"तुम्ही का बोललात तसं?"

काकांनी डब्याचं झाकण दोनदा उघडलं, लावलं. "मार्चपासून घरात तिचं नाव कुणी काढलं नाही, प्रिमे. मला त्रास होईल म्हणून. आणि तू तिचा वाटा आणून ठेवलास. जरा वेळ मला वाटलं, ती कब्रस्तानातून मागून येतेय. असं असताना तुला तोंडघशी पाडू?"

किल्ल्या कुणाच्या कुठल्या, हे सांगायला वेळ नव्हता. गाडीचा हॉर्न वाजला.

जूनमध्ये काका तिकडे आश्रमातच वारले. त्यांना गावात आणलं, कासिल्दाशेजारी ठेवलं. त्यांचं घर रोबेर्तोनं कुलूपबंद केलं आणि किल्ली माझ्या डब्यात टाकली. सत्तावीस झाल्या.

ऑक्टोबरच्या अखेरीस मारी क्रूसचा फोन आला. "उद्या आम्ही चौघं. नेहमीप्रमाणे."

मी चार ताटं मांडली, दोनदा मोजली. पण पहाटे लहान ताटलीही भरली. या वेळी हातांनी आपोआप नाही, मी भरली, मीठ मुद्दाम बाजूला ठेवून. मोठी ताटली ठेवून झाल्यावर ती नेऊन मारी क्रूससमोर ठेवली. तेओ दारात होता. असू दे म्हटलं.

"हा तुझ्या आईचा वाटा. गेल्या वर्षी आणला तोही मीच माझ्या चुकीनं आणला होता. बाबांनी सांगितला नव्हता."



"मग तेव्हा का नाही बोललात?"

"घाबरले. माझी भट्टी जाईल म्हणून."

मला वाटलं मारी क्रूस ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा तिथून रोज संध्याकाळी फोन करायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, माझं डोकं ठिकाणावर आहे गं, मला घरी ने. आणि मी लहान मुलाला म्हणतात तसं हो हो म्हणायचे."

कोकराला कुणी हात लावला नाही. जाताना तिनं माझा निरोप घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तेओ माझ्या आधी उठला. त्यानं न मागताच मी त्याला माझा ॲप्रन दिला. आता भट्टी तोच पेटवतो. मी डबा घेऊन निघते आणि बंद घरांच्या कुलपांना एकेक किल्ली लावून बघते. सत्तावीसपैकी सात ओळखू येतात. काकांच्या घराची किल्ली त्या सातांत आहे, पण ते दार मी अजून उघडलेलं नाही.