बुधवारची चाचणी

दोन हजार सहाच्या सुमारास मालवणात आम्ही दोघींनी वाचनालयांसाठी पुस्तकांची देवघेव नोंदवणारा प्रोग्रॅम लिहिला. दुसऱ्या म्हणजे माझ्या शाळेतल्या गणिताच्या बाई. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या खोलीत तीन कॉम्प्युटर मांडले होते: एकावर जुनं विंडोज, एकावर नवं, एकावर लिनक्स.

प्रोग्रॅममध्ये काही बदललं की तिन्हींवर सगळ्या चाचण्या घ्यायच्या, असा बाईंचा नियम. त्याला अख्खी सकाळ लागायची आणि मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. मी कंटाळले. "एवढ्याशा बदलाला कशाला सगळं? माझ्या मशीनवर चालतंय की," म्हणत मी बाईंच्या गळी उतरवलं की मोठी चाचणी महिन्यातून एकदाच पुरे.

मग मी तारखेची एकच ओळ बदलली, माझ्यापुरतं चालवून बघितलं आणि सीडी वाचनालयांना पाठवून दिली.

चौथ्या दिवशी धामापूरकडच्या एका वाचनालयातून फोन आला. तिथले ग्रंथपाल वडिलांच्या वयाचे.

"काय गो चेडवा, तुझो प्रोग्रॅम सांगता, अर्ध्या गावान पुस्तकां परत करूक नाय."

मी घाईघाईने विचारलं, "काका, लोक चिडले असतील ना?"

"भिया नको. कोण कधी पुस्तक हाडून देता, ता माका म्हायत आसा. मी वहीत लिवतंय."

दुसऱ्या दिवशी बाई आणि मी एसटीने गेलो. काकांनी वही पुढे केली. देवघेव तर त्यात होतीच, शिवाय कुठलं पुस्तक, कुठली तारीख घातली आणि पडद्यावर काय उमटलं, हेही सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. बाई दोन पानं वाचून म्हणाल्या, "बघ, परतीच्या पाच ऑगस्टची आठ मे झालीय." वाचनालयातल्या जुन्या विंडोजवर महिना आधी, दिवस नंतर, अशी मांडणी होती. माझी ओळ तिथे तारीख उलटी वाचत होती. आमच्या खोलीतल्या जुन्या मशीनची मांडणीही तशीच होती. चाचणी घेतली असती तर तासाभरात कळलं असतं.

बाई एका शब्दाने रागावल्या नाहीत. परतीच्या एसटीत त्यांनी तिकिटाच्या मागे लिहिलं: तारीख, फाइल, छपाई यांना हात लागला तर मोठी चाचणी लगेच; बाकी सगळ्यासाठी आठवड्यातून एकदा. ते मला पटलं.

मी हे काकांना कळवलं आणि वार त्यांनीच ठरवला. त्यांचा फोन आला, "बुधवारी वाचनालय बंद आसता. हो कॉम्प्युटर उगीच बसान आसता. तुमची ती मोठी परीक्षा हयसर पण घेवा."

तेव्हापासून दर बुधवारी काका आमची सीडी घालून चाचणी सुरू करत, बाजूला पेपर वाचत बसत आणि दुपारी फोन करून निकाल सांगत. सुट्टीचा दिवस होता त्यांचा. एकदा मोठी आवृत्ती पंधरा वाचनालयांना जायची होती. त्या दुपारी काका म्हणाले, "आज दोन तांबडे आसत. धाडू नको." चुकलेली चाचणी पडद्यावर तांबडी दिसायची; मी सीड्या थांबवल्या. छपाईत जोडाक्षरं तुटत होती, ती दोन दिवसांत नीट केली.

माझ्या हातून वाचनालयांत गेलेली मोठी चूक ती तारखेची एकच. पुढच्या कितीतरी चुका बाई आणि काकांनी इतर वाचनालयांपर्यंत जाऊच दिल्या नाहीत.